कापराचा डबा घेऊन कोळशाच्या गावाला

आष्टा ते मिरज

आमच्या आष्ट्याला कोळसा माहीत आहे तो बाभळीचा. लोहाराच्या भात्यापुढे आणि परटाच्या इस्त्रीत तो असतो, आणि हल्ली लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून सर्व्हिस मोटारीच्या पाठीवरच्या टाकीतही असतो. जमिनीच्या पोटातून खणून काढलेला कोळसा आणि त्याच्यावर वसलेलं गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. मी पाहून आलो. तेव्हापासून दुकानात कुंकू घ्यायला येणारी बाईसुद्धा आधी तिकडची हकीकत विचारते आणि मग भाव विचारते. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहायला बसलो. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती दुकानात उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही.

मी जातीने आणि धंद्याने अत्तार. कुंकू, बुक्का, ऊद, कापूर, सुवासिक तेलं हा माझा माल. गावोगावच्या जत्रा करतो. माझं नाक तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. फक्त माझ्या हातांना कायम कापराचा वास असतो, त्यामुळे कापूर तेवढा मला चटकन कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्याबरोबर नाना मुकादम होता. मी गेलो तेच त्याच्यासाठी. लहानपणी आम्ही एका तालमीत माती अंगाला लावली. तो पुढे विहिरी पाडणारा झाला. काळ्या पाषाणात विहीर पाडायची तर नानाच्या टोळीनेच, असं वाळव्यापासून मिरजेपर्यंत लोक म्हणत. या लोकांची एक रीत आहे. खणता खणता पहिलं पाणी लागलं की काम तिथेच थांबतं. त्या पाण्याला कोणी तोंड लावत नाही. मुकादम एकटा तळाला उतरतो, नारळ फोडतो आणि दगडावर कापूर पेटवतो. कापूर जळून गेला की मगच पहिली ओंजळ.

ही रीत नानाने जन्मात एकदाच मोडली. एका बागायतदाराची घाई होती. तो म्हणाला, पूजा उद्या करू, आज तेवढे सुटे दगड काढून घ्या. नाना थांबला. त्याचा थोरला मुलगा महादू दगड काढायला उतरला आणि वरून दरड आली. तेव्हापासून नानापुढे कोणी पूजा उद्यावर टाकायचं नावही काढत नाही.

आता धाकटा शिवराम उरला होता, आणि तो होता कोळशाच्या खाणीत. तिकडे कोळशाच्या थराला आडवी दगडाची भिंत लागली होती. कोळसा तोडणाऱ्यांची कुदळ तिच्यावर चालेना. मग एक ठेकेदार दगड फोडणारी माणसं शोधत आमच्या मुलखात आला आणि शिवरामची टोळी घेऊन गेला. लढाईमुळे कोळशाला मागणी होती, मजुरी बरी होती. टोळीतला एकजण सुट्टीवर घरी आला तो निरोप घेऊन आला: भिंत आता फुटायच्या बेतात आहे, पलीकडचा कोळसा लागायच्या वेळी आबांनी, म्हणजे नानाने, नारळ फोडायला यावं.

नाना माझ्या दुकानात आला. म्हणाला, "इबराम, कापूर चांगल्यातला घे. आन् तू बी चल गड्या. मला हिंदी येत न्हाई, आन् एकला गेलो तर वर्ध्यालाच हरवंन."

"घरात विचारलंस का?"

"तीच मागं लागलीया. म्हनती, जावा आन् पोरगं डोळ्यानं बगून या."

तर असे आम्ही निघालो. कोळशाशी गाठ पहिल्या तासातच पडली. मोटारीच्या मागची कोळशाची भट्टी विझली आणि क्लीनर पंखा फिरवून घामाघूम झाला. चढावर सगळ्यांना उतरवून गाडी ढकलायला लावलं. नाना म्हणाला, "तिकीट काडून ढकलायची व्हय रं? मग बैल काय वाईट हुता?"

मिरजेच्या ठेसनावर मात्र चेष्टा विसरलो. बेचाळीसपासून आमच्या बाजूला पोलिसांना प्रत्येक माणूस भूमिगत वाटायचा. त्यातून विहिरीचा मुकादम म्हणजे सुरुंगाची दारू ठाऊक असलेला माणूस. शिपायाने आम्हाला बाजूला घेतलं. माझी वळकटी सोडली, अत्तराच्या कुप्या हुंगल्या, कापराचा डबा उघडून पाहिला. नानाची बंडी चाचपली, धोतराचा सोगा झटकला, वहाणा उलट्या करून बघितल्या. पण डोक्यावरच्या लाल पटक्याला त्याने बोट लावलं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाच्या पटक्याला परका हात लागणं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखंच. शिपाईही आमच्याकडचाच होता. त्याने मान हलवली आणि आम्हाला सोडलं.

गाडीत बसल्यावर नानाने पटक्याच्या घडीत बोटं घालून तिकिटं काढून दाखवली. म्हणाला, "बगितलंस? सगळं धुंडाळलं, पर हितं कोन बगत न्हाई." मी हसलो.

पळसटोला

पुणं, वर्धा आणि पुढचा चांद्याकडचा प्रवास लिहीत नाही. उभं राहणं, बसायला जागा मिळणं आणि ती पुन्हा जाणं, याहून त्यात काही नाही.

गावाचं नाव पळसटोला, पण पळस एकही दिसला नाही. उतरल्याबरोबर मला वास आला. सडलेल्या अंड्याचा, ओल्या राखेचा आणि त्याखाली जुन्या लाकडाचा. झाडांची पानं काळपट, कोंबड्या काळपट, वाळत घातलेली धोतरंसुद्धा काळपट. आमच्याकडे ऊस पेटवला की कजळी उडते आणि बाया शिव्या देतात. इथे बारा महिने कजळी उडते आणि कोणी वर पाहत नाही.

शिवराम घ्यायला आला होता. त्याने बापाच्या पायावर डोकं ठेवलं, मग माझ्या. पोरगा उंच होता तसाच होता, पण खोकत होता. नानाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हात काळा झाला तो त्याने पुसला नाही.

टोळी चाळीतल्या दोन खोल्यांत राहायची आणि जेवायची राजम्माकडे. राजम्मा म्हणजे तेलंगणातून आलेली म्हातारी विधवा. पोरवयात नवऱ्याबरोबर इथे आली आणि तिचा सगळा जन्म या खाणीवर गेला. तिची मराठी निम्मी तिकडची, निम्मी हिंदी. तिने भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि चिंचेचं तिखटजाळ सार वाढलं. नाना भाताकडे संशयाने पाहत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "ह्ये झालं तोंडी लावनं. भाकरी कवा येती?" ती आलीच नाही. बिचाऱ्याने भाताचे मुटके करून, भाकरी मोडावी तसे खाल्ले.

संध्याकाळी राजम्मा आम्हाला गावाबाहेर एका माळावर घेऊन गेली. तिथे तिने कुरडया वाळत घातल्या होत्या. ऊन तर उतरलं होतं. मी विचारलं, "बाई, सूर्य गेला, आता कशा वाळायच्या?"

"हात लावून पाहा ना जी."

मी जमिनीला हात लावला. चुलीच्या वैलासारखी ऊन लागली. थोड्या अंतरावर कुत्री पसरली होती. एक बाळंतीण पोराला मांडीवर घेऊन शेकत बसली होती. जागोजाग भेगा होत्या आणि त्यातून बारीक धूर निघत होता. नानाने पाय उचलून दुसरीकडे ठेवला, तिथेही तेच.

"खाली काय हाय?" त्याने विचारलं.

राजम्मा एका दगडावर बसली आणि तिने त्या गावाचा सगळा इतिहास सांगितला. कुठे लिहिलेला असेल तर मला माहीत नाही. मी तिच्या तोंडून ऐकला तसा सांगतो.

आधी इथे गोंडांची चारदोन घरं आणि एक कुंभार होता. कुंभाराने ओढ्यातले काळे दगड आणून भट्टीला कड केली. लाकूड संपलं तरी भट्टी विझेना. दिवस गेले, भट्टी धगधगतच राहिली. उघडली तर मडकी वितळून एकमेकांत वाकलेली. कुंभार समजला की देवीचा कोप झाला, आणि रातोरात गाव सोडून गेला. त्याची ती वाकडी मडकी लोकांनी पुढे आठवण म्हणून ठेवली. एक राजम्माच्या घरी आहे, त्यात ती मीठ ठेवते. कुंभार पळाला, पण गोष्ट पसरली आणि साहेबाच्या कानावर गेली. साहेब आला, जमिनीत भोकं पाडली, चाणक खणली. खाणीत उतरायच्या उभ्या भोकाला तिथे चाणक म्हणतात. पळसाचं रान खाली आधाराच्या खांबांसाठी तुटलं. तेलंगणातून, छत्तीसगडातून माणसं आली. बाजार बसला, देऊळ झालं, मशीद झाली. या माळावरच होता तो सगळा गाव.

"मग कुठं गेला?"

"खालीच गेला जी. हे जुनं पळसटोला."

एके दिवशी खाली स्फोट झाला आणि कोळसा पेटला. कोणी म्हणालं, कोणाच्यातरी उघड्या दिव्याने हवा पेटली. कोळशातून एक हवा सुटते, ती दिसत नाही, तिला वास नाही, पण ठिणगी मिळाली की तोफेसारखी उडते. आग विझेना. आत हवा जात राहिली तर सगळी खाण जळणार, म्हणून साहेबाने आतल्या वाटा विटा आणि माती लावून बंद करायला सांगितल्या. आत माणसं होती. जिवंत होती की नव्हती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. राजम्माचा नवरा आत होता, आणि भिंतीसाठी माती कालवणाऱ्या बायकांत राजम्माही होती.

"तू माती दिलीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"माझे दोन भाऊ बाहेर होते. पोट्ट्या होत्या. माती नाई देऊ तं ते बी जातील." ती कुरडया उलटवत होती. "अजून जळते आत. पुढच्या पावसात बाजाराची जागा खाली बसली, मग गाव तिकडं हलवला. तुमचे पोरं खणतात ती नवी खाण."

माझ्याजवळ कापूर होता. मी डबा उघडून दोन वड्या तिच्यापुढे धरल्या. म्हटलं, "त्यांच्या नावाने इथे लाव."

तिने वड्यांकडे पाहिलं आणि पदराने माझा हात बाजूला सारला. "आत विस्तवच हाय जी. वरून काय लावू?"

परतताना नाना भेगा चुकवत चालत होता. शिवराम त्याला समजावत होता की, आबा, खाली बिडीकाडी चालत नाही, चाणकेच्या तोंडाशी झडती होते, तेव्हा फक्त नारळ फोडायचा, कापूर वर आल्यावर लावू. नाना म्हणाला, "वर आल्यावर? म्हंजी उद्यावर टाकायची पूजा?"

"तसं न्हवं आबा. राजम्मानं सांगितलं ते ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं."

"मग?"

"तुझं म्हननं ऐकलं मी," असं म्हणून नानाने विषय संपवला. शिवरामला ते होकारासारखं वाटलं. मला मात्र तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण हो म्हणायचं असतं तेव्हा नाना हो म्हणतो.

भिंतीपाशी

दुसऱ्या दिवशी भिंत फुटली. सकाळच्या पाळीने दगडात आरपार भोक पाडलं आणि पलीकडे कोळसा चमकताना दिसला. शिवराम बापाला न्यायला आला. मला खाली न्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी चाणकेपर्यंत पोचवायला गेलो.

चाणकेच्या तोंडाशी लोखंडी पिंजरा लोंबत होता. पहारेकरी एकेकाची झडती घेत होता: बंडी, कनवट, कानामागे बिडी, तोंडात तंबाखू. नानाने आपली चंची काढून त्याच्या हाती दिली. बंडीचे खिसे उलटे करून दाखवले. पहारेकऱ्याने पटक्याकडे हात नेला, तेवढ्यात शिवराम म्हणाला, "ते माजे वडील हायत." पहारेकऱ्याने हात मागे घेतला. नाना माझ्या जवळून गेला तेव्हा मला कापराचा वास आला. मी आपल्याच हाताचा समजलो. पिंजऱ्याचं दार लागलं, वर घंटा झाली आणि ते सगळे काळोखात गेले.

मी राजम्माकडे परत आलो. तिला निघताना थोडा ऊद द्यावा म्हणून वळकटी सोडली. कापराचा डबा हाताला हलका लागला. कापूर उडून जाऊ नये म्हणून आम्ही डब्यात चार काळी मिरी टाकतो. डबा उघडला तर मिरी कमी आणि वड्याही कमी. मूठ भरून कोणीतरी उचलल्या होत्या. नाना बिडी ओढायचा ती काडीपेटीने नाही, चकमकीने. पहारेकऱ्याला दिलेली चंची आठवली. ती सपाट होती, चकमक त्यात नव्हतीच. मग मिरजेचं ठेसन आठवलं. सगळं धुंडाळलं, पर हितं कोन बगत न्हाई.

राजम्माने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पळ."

माझं वय आणि माझं पोट ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल की मी कसा धावलो असेन. वाटेत एकच विचार डोक्यात होता आणि तो सांगायची लाज वाटते. चाणकेपाशी जाऊन मी म्हणणार होतो की त्या म्हाताऱ्याच्या पटक्यात कापूर आणि चकमक आहे. म्हणजे चारचौघांत, त्याच्या पोरादेखत, पोराच्या टोळीदेखत त्याचा पटका उतरवायला लावणार होतो. जन्माचा मित्र. आणि माझा अंदाज चुकला असता तर?

पहारेकऱ्याचा विश्वास बसेना. "बुढ्ढे की तलाशी ली थी," हेच तो घोकत होता. नशिबाने लक्ष्मण सरदार तिथे होता. सरदार म्हणजे खाली हवा तपासणारा, सुरुंग लावायला परवानगी देणारा माणूस, वऱ्हाडाकडचा. दुसऱ्या बाजूचं काम बघून तो नुकताच वर आला होता. त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ज्योत बाहेरच्या हवेला लागू न देणारी जाळीची बत्ती उचलली, माझ्या दंडाला धरलं आणि पिंजऱ्यात ओढलं.

खाली काय पाहिलं ते नीट सांगता येणार नाही. पिंजरा सरसर खाली गेला आणि थांबला. मग वाकून चालणं. पाणी ठिबकत होतं, लाकडी खांब करकरत होते. डोक्यावर कोळशाच्या पाट्या घेतलेल्या बाया भिंतीला चिकटून आम्हाला वाट देत होत्या. मधे बंदी घातली होती, पण लढाईपायी बायांनाही पुन्हा खाली उतरवलं होतं. लक्ष्मण पुढून ओरडला, "पाय उचला भाऊ. अन् बोंबलू नोका. म्हातारा घाबरून घाईनं लावून टाकंल."

शेवटच्या वळणाला उजेड दिसला. टोळीतले सगळे अर्धगोल करून उभे होते, पाठ आमच्याकडे. बत्त्या मागे एका खोबणीत ठेवलेल्या. समोर दगडाची भिंत, तिच्यात माणूस वाकून जाईल एवढं भोक. नारळ फुटलेला होता. शिवराम खोबऱ्याचे तुकडे करत होता, त्याचं लक्ष नव्हतं. नाना भोकासमोर उकिडवा बसला होता, अगदी विहिरीच्या तळाला बसतो तसा. त्याने एक हात वर नेला, पटक्याच्या घडीतून चकमकीचं लोखंड काढलं आणि दुसऱ्या हाताने गारगोटी चाचपायला लागला.

"नाना," मी म्हणालो.

त्याने वळून पाहिलं. मी खाली कसा आलो याचं त्याला नवल वाटलं नाही. "थांब इबराम. लावतो आन् उठतो."

"नाना, नको लावू. हवा आहे इथे."

"यकदा थांबलो हुतो," तो म्हणाला. "महादूच्या येळंला थांबलो हुतो. आता न्हाई."

शिवरामने मान वर केली, त्याच्या हातातलं खोबरं पडलं. नानाची बोटं पुन्हा पटक्यात शिरली. लक्ष्मण त्याच्या हाताकडे झेपावला आणि मी डोक्याकडे. मी त्याचा पटका दोन्ही हातांनी ओढला.

तो सुटला, उलगडला आणि माझ्या हातात वावभर लोंबत राहिला. त्यातून कापराच्या वड्या पडल्या, गारगोटी पडली, कापूस पडला, आणि मिरी घरंगळत कोळशाच्या चिखलात गेली. लक्ष्मणने चकमकीचं लोखंड नानाच्या मुठीतून सोडवून घेतलं होतं. नानाचं डोकं मी लहानपणानंतर कधी उघडं पाहिलं नव्हतं. सगळे केस पांढरे झाले होते.

लक्ष्मण बत्तीची वात बारीक करून भोकापाशी गेला. बत्ती हळूहळू वर नेली. आम्ही सगळे पाहत होतो. जाळीतली पिवळी ज्योत आधी लांबली, मग तिच्या डोक्यावर निळसर टोपी चढली. ती टोपी मोठी झाली तशी त्याने बत्ती हळूच खाली आणली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.

"पाहिलं काय जी? निळं दिसलं ते पेटणारी हवा." तो नानाला म्हणाला. "आता हळू मागं चला सारे. पहार आपटू नोका."

नाना बघत होता. त्याने बघितलं हे मला ठाऊक आहे, कारण ज्योत निळी झाली तेव्हा त्याने शिवरामचं मनगट धरलं ते वर पिंजऱ्यातून बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.

परत

लक्ष्मण भला माणूस. नियमाप्रमाणे गेला असता तर नाना तुरुंगात आणि टोळी रस्त्यावर. त्याने चकमक आपल्या खिशात टाकली आणि मला म्हणाला, "उद्याच्या गाडीनं या बावाले घेऊन जा. आता पंखा लावून, हवा काढून, मग काम." शिवरामने चिखलातून कापूर वेचून आणला होता. नानाने तो राजम्माच्या हातात दिला. तिने काही न विचारता मिठाच्या वाकड्या मडक्यामागे ठेवून दिला. निघताना शिवराम बापाच्या पायाशी वाकला आणि पटक्याची घडी पुढे केली. नानाने ती घेतली, काखेत धरली, बांधली नाही.

परतीचा प्रवास मला जातानापेक्षा लांब वाटला. नाना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी चहा आणून दिला तर प्यायचा, जागा धरली तर बसायचा, पण नजर खिडकीबाहेर. बोडकं डोकं आणि मांडीवर पटका. आमच्याकडे म्हातारा माणूस बोडक्याने फिरतो तो घरात कोणी गेलं तरच. वर्ध्यापर्यंत कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पुण्याच्या पुढे आपली माणसं भेटायला लागली आणि जो तो हळू आवाजात विचारू लागला, "कोन गेलं, बाबा?" नाना गप्प. मीच सांगायचो, "कोणी नाही, सगळे खुशाल आहेत." ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी म्हाताऱ्याचं दुःख लपवतोय. कऱ्हाडच्या एका बाईने त्याच्या हातावर केळी ठेवली आणि डोळे पुसले. माझा धीर सुटला. म्हटलं, "नाना, शिव्या दे. तालमीतल्यासारखं उचलून आपट. पण असा बसू नको." त्याने केळी माझ्याकडे सारली.

मिरजेहून आलेली मोटार आष्ट्याच्या अलीकडे ओढ्याजवळ बंद पडली. क्लीनर पंख्याला झोंबत बसला. आम्ही उतरून चालू लागलो. ओढा ओलांडला आणि वेस दिसायला लागली, तसा नाना थांबला. कडेच्या बांधावर बसला.

"इबराम."

इतक्या दिवसांनी माझं नाव ऐकलं. मी परत फिरलो.

"बोडक्यानं येशीत शिरलो, तर घरात तिचं काय हुईल?"

"मग बांध की, नाना. मी तेच म्हणतोय ना वर्ध्यापासून."

"मी न्हाई." त्याने पटका माझ्यापुढे धरला. "तू काडलास. तूच बांद."

तो माझ्यापुढे मान खाली घालून बसला. मी जन्मभर टोपी घातलेला माणूस, पटका बांधायचं मला काय माहीत? पहिला वेढा सुटला. दुसरा कानावर आला. त्या कापडाला अजून कापराचा वास होता आणि घडीत एक मिरं अडकून राहिलं होतं, ते माझ्या नखाला लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते त्याच्या डोक्यावर पडलं असणार, पण तो हलला नाही. शेवटी काहीतरी गाठोड्यासारखं जमलं. त्याने हात लावून चाचपलं. मला वाटलं, आता सोडून पुन्हा नीट बांधेल. तो तसाच उठला आणि चालू लागला.

वेशीत पोरं हसली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना खुणावलं. नानाने कोणाकडे पाहिलं नाही आणि पटक्याला हात लावला नाही. घरासमोर त्याची बायको पाटीत शेण घेऊन उभी होती. तिने आधी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग आमच्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. तिच्या हातातली पाटी खाली आली.

"आवं, पोरगं?"

"हाय," नाना म्हणाला. "इबरामला इचार."